गाव तेच, जिल्हा निराळा : पूर्वजांच्या जुन्या नोंदींचा माग

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात एखाद्या कुटुंबाचे मूळ गाव आहे, असे समजू. नातवाच्या प्रमाणपत्राच्या कामी या कुटुंबाला खापरपणजोबांच्या मृत्यूची नोंद हवी आहे. मृत्यू १८९८ च्या सुमारास झाला, एवढे घरातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून ठाऊक आहे. अर्ज यवतमाळला जातो. काही आठवड्यांनी उत्तर येते : ‘सदर कालावधीचे अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाहीत.’ कुटुंब समजते की नोंद नष्ट झाली. प्रत्यक्षात उत्तर खोटे नाही आणि नोंद नष्ट झालेली असेलच असेही नाही. १८९८ मध्ये ‘यवतमाळ’ नावाचा जिल्हाच अस्तित्वात नव्हता. त्या वर्षी ते गाव पुसद तालुक्यात होते आणि पुसद तालुका बासिम, म्हणजे वाशीम, या जिल्ह्यात होता. अर्ज चुकीच्या दारात गेला, एवढेच घडले.

महाराष्ट्रात असे प्रसंग दररोज घडतात आणि त्यांत केवळ घराण्याच्या इतिहासाची हौस नसते. जातीच्या प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक प्रमाण मानले जातात. त्या दिवशी अर्जदार किंवा त्याचे पूर्वज ज्या ठिकाणी सर्वसाधारणपणे राहत होते, त्या ठिकाणच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. पडताळणीच्या वेळी त्या दिनांकापूर्वीचा पुरावा जितका जुना तितके त्याचे वजन अधिक. मुलाचा महाविद्यालयातील प्रवेश, मुलीची नोकरी, ग्रामपंचायतीतील राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्याचे पद, हे सारे पुष्कळदा शंभर वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर अवलंबून असते. ती ओळ कोणत्या कचेरीत लिहिली गेली हे कळण्यासाठी आधी गावाचा प्रशासकीय इतिहास माहीत असावा लागतो.

येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. गाव सहसा हलत नाही. त्याच्या वरची नावे हलतात. तालुका बदलतो, जिल्हा बदलतो, प्रांत बदलतो, काही ठिकाणी तर सरकारच बदलते. आणि सीमा बदलली म्हणून जुने दप्तर गावाबरोबर नव्या कचेरीत चालत जाते, असे नाही. तालुक्याचे दप्तर बहुधा तालुक्याच्या ठिकाणीच राहते. जिल्हा पातळीवरचे कागद मात्र त्या काळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा त्याचा वारसा ज्या जिल्ह्याकडे गेला तेथे आढळतात. बांधीव नोंदवहीत दोन नव्या तालुक्यांची गावे एकत्र असली, तर ती फाडून वाटून देता येत नाही. ती एकाकडे राहते आणि दुसरा तालुका ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर देतो.

वऱ्हाड : सहाचे चार, चाराचे पाच

सीमाबदलाचा अभ्यास करण्यास वऱ्हाडाइतके उत्तम उदाहरण राज्यात नाही. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. सुरुवातीस त्याचे दोनच भाग होते : बुलढाणा हे ठाणे असलेले उत्तर वऱ्हाड आणि हिंगोली हे ठाणे असलेले दक्षिण वऱ्हाड. हिंगोली लवकरच निजामाकडे परत गेली. १८५७ नंतर विभागणीची दिशा बदलून अमरावतीचे पूर्व वऱ्हाड आणि अकोल्याचे पश्चिम वऱ्हाड असे जिल्हे झाले. पुढे त्यांतून एकेक तुकडा वेगळा होत गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमरावती, एलिचपूर, वून, अकोला, बुलढाणा व बासिम असे सहा जिल्हे नकाशावर दिसू लागले. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर. वून हे नाव वणी परिसरातून आलेले असले, तरी त्या जिल्ह्याची कचेरी यवतमाळलाच होती.

१९०२ च्या कराराने वऱ्हाड इंग्रजांकडे कायम पट्ट्याने आले आणि १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडण्यात आले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९०५ च्या ऑगस्टमध्ये, सहा जिल्ह्यांचे चार करण्यात आले. संशोधकाला सर्वाधिक त्रास देणारी तारीख हीच होय. एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत मिसळला. बासिम जिल्हा मोडून त्याचे वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे आणि पुसद तालुका यवतमाळकडे गेला. वून जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. मूर्तिजापूर अमरावतीकडून अकोल्याकडे आले, तर खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्याकडून बुलढाण्याकडे गेले. म्हणजे एकाच वर्षी वऱ्हाडातील शेकडो गावांचा पत्ता गावकऱ्यांनी बिऱ्हाड न हलविता बदलला. त्यानंतर ९३ वर्षांनी, १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून वाशीम जिल्हा पुन्हा वेगळा झाला. पण पुसद त्याच्याकडे परतले नाही.

आता आरंभीच्या कुटुंबाचा माग काढणे सोपे होते. उमरखेड हे स्वतंत्र तालुक्याचे ठाणे होण्यापूर्वी पुसद तालुक्यात होते. म्हणून पहिली चौकशी उमरखेडइतकीच पुसदच्या तहसील कचेरीत करावयास हवी. तेथे काही न मिळाल्यास १९०५ पूर्वीच्या जिल्हा पातळीवरील कागदांसाठी अकोला आणि वाशीम या दोन्ही ठिकाणी विचारणा करावी लागते. कारण बासिमचा मोठा वारसा आधी अकोल्याकडे गेला आणि त्यातील काही भाग १९९८ नंतर वाशीमला परतला असण्याचा संभव आहे. यवतमाळचा क्रमांक १९०५ नंतरच्या कागदांसाठी लागतो. चार ठिकाणी फिरावे लागते हे खरे, परंतु चार ठिकाणे कोणती हे ठाऊक असल्यावर काम काही दिवसांचे असते, आणि ठाऊक नसल्यास काही वर्षांचे.

वर उल्लेखिलेला ‘जळगाव’ तालुका म्हणजे जळगाव जामोद. पण १८९० च्या एखाद्या कागदावर नुसते ‘जळगाव’ लिहिले असेल, तर तो अकोला जिल्ह्यातील तालुका आहे की खानदेशातील गाव आहे हे वरच्या नावावाचून ओळखता येत नाही. अनेक अर्ज या एका शब्दाने भलत्या जिल्ह्यात गेले असतील, असे मानण्यास हरकत नाही. पिंपळगाव, वडगाव, शिरपूर, खेड या नावांची गावे तर जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहेत. बुद्रुक की खुर्द, एवढा भेदही कागदावर कित्येकदा सुटलेला असतो.

सीमेने ठरलेली ओळख

तालुक्याच्या नावाला केवढे महत्त्व असू शकते, याचे एक उदाहरण विदर्भातच सापडते. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींची जी यादी निघाली तिच्यात विदर्भातील कित्येक जमातींना ठरावीक क्षेत्रापुरतीच मान्यता होती : अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, चांदा जिल्ह्यातील गडचिरोली व सिरोंचा, आणि यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ हे तालुके. तालुक्याची शीव ओलांडली की तीच जमात, तीच बोली, तेच देव असूनही कायद्याच्या दृष्टीने ते कुटुंब जमातीत मोडत नसे. १९७६ च्या दुरुस्ती अधिनियमाने हे क्षेत्रबंधन काढून टाकले. तथापि त्यापूर्वीच्या काळातील दाखले, शाळेतील नोंदी आणि नाकारलेले अर्ज वाचताना हे बंधन लक्षात न घेतल्यास, ‘त्या वेळी यांनी जमात का लिहिली नाही?’ असा अन्यायकारक प्रश्न उपस्थित केला जातो. अधिकाऱ्याने तो विचारण्यापूर्वी त्या वर्षीचा तालुका पाहिला पाहिजे.

मुंबई इलाख्यातील बदल

मुंबई इलाख्यात जिल्ह्यांची उलथापालथ वऱ्हाडाइतकी अचानक झाली नाही. ती थोडी थोडी होत राहिली. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅम्पबेल यांच्या मुंबई गॅझेटियरचा बारावा खंड ‘खानदेश’ या एकाच जिल्ह्यावर आहे. आजचे धुळे, जळगाव व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्यात सामावलेले आहेत. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाले. १९६० मध्ये पश्चिम खानदेशाच्या सीमेवरील काही गावे गुजरातच्या सुरत जिल्ह्यात गेली, हे तेथील आदिवासी कुटुंबांच्या बाबतीत विसरता कामा नये. उलट मालेगाव, नांदगाव व बागलाण हा भाग १८६९ मध्ये नाशिक जिल्हा स्थापन होईपर्यंत खानदेशात होता. म्हणून मालेगावच्या कुटुंबाचा १८६० चा कागद नाशिकच्या नावाने शोधणे व्यर्थ आहे.

साताऱ्याचे उदाहरण थोडे निराळे. छत्रपतींचे सातारा राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि त्याचा जिल्हा बनला. त्याच्या कडा पुढे झिजत गेल्या. माळशिरस १८७५ मध्ये सोलापूरला जोडले गेले. १९४९ मध्ये संस्थानांच्या विलीनीकरणानंतर उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. दक्षिण साताऱ्यास १९६० च्या अखेरीस सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे १९४९ ते १९६० या अकरा वर्षांतील कागदावर ‘दक्षिण सातारा’ असे नाव असल्यास तो सांगली जिल्ह्याचा कागद होय, साताऱ्याचा नव्हे. तासगावचा मनुष्य १९४० मध्ये सातारा जिल्ह्यात, १९५५ मध्ये दक्षिण साताऱ्यात आणि १९६५ मध्ये सांगलीत राहत होता, आणि तरी तो तासगावातच होता. त्याच जिल्ह्यातील आटपाडी मात्र १९४८ पर्यंत इंग्रजी मुलखातच नव्हती. ती औंध संस्थानात होती. तेथील विलीनीकरणापूर्वीची नोंद इंग्रजी कलेक्टर कचेरीच्या दप्तरात नसणे स्वाभाविकच आहे. फलटण, जत, भोर, जव्हार, सावंतवाडी, जंजिरा, अक्कलकोट अशा प्रत्येक संस्थानी मुलखाला हीच गोष्ट लागू पडते. अर्जात ‘तत्कालीन संस्थान’ असा एक रकाना असता, तर पुष्कळ पत्रव्यवहार वाचला असता.

कोकणात ठाणे जिल्ह्याचे मूळ नाव ‘उत्तर कोकण’ होते. ते १८३३ मध्ये बदलले. कुलाबा १८६९ मध्ये पूर्ण जिल्हा झाला; पनवेल १८८३ मध्ये आणि कर्जत १८९१ मध्ये ठाण्याकडून कुलाब्याकडे आले. म्हणून पनवेल किंवा उरणच्या आगरी, कोळी, कुणबी कुटुंबाची १८८३ पूर्वीची जिल्हा पातळीवरील नोंद ठाण्याच्या दप्तराशी निगडित असते. १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्हा रायगड या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीचे दक्षिणेकडील तालुके वेगळे होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला.

या शेवटच्या बदलाचा संबंध समुद्रापलीकडेही पोहोचतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसला करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांच्या नोंदवह्या तेथील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव, परगणा व जिल्हा असे तपशील आढळतात. मॉरिशसचे मराठी नागरिक आपल्या मूळ गावाच्या शोधात येतात तेव्हा ‘रत्नागिरी’ हा शब्द वाचून रत्नागिरी शहर गाठतात. पण त्या काळचा रत्नागिरी जिल्हा मालवण, देवगड, वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता, आणि सावंतवाडी त्याच्या शेजारचे निराळे संस्थान होते. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले गावाचे नाव ओळखणे ही त्यापुढची अडचण. येथे स्थानिक शिक्षकाचा कान हा कोणत्याही कोशाहून अधिक उपयोगी पडतो. मालवणी उच्चार इंग्रजी अक्षरांत कसा उतरला असेल हे त्याला जितके समजते तितके परक्याला समजत नाही.

मराठवाडा : दोन राज्ये, दोन लिप्या, निराळे वर्ष

मराठवाड्यात अडचणी एकमेकींवर चढलेल्या दिसतात. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. महसुली दप्तर बहुतांशी उर्दूत, त्याआधीचे फारसीत आणि गावपातळीवरचे मोडीत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे जिल्हे मुंबई राज्यात आले. परंतु ते आले ते कडा तासून. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आणि देगलूर तालुक्याची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे तेलंगणाच्या बाजूस राहिली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके इकडे आले. किनवट नांदेडमध्ये राहिले आणि राजुरा पुढे चांदा जिल्ह्यात गेले. म्हणजे आज चंद्रपूर जिल्ह्यात मोडणाऱ्या राजुऱ्याच्या गोंड किंवा कोलाम कुटुंबाचे १९५० मधील कागद आदिलाबादच्या नावाने निघालेले असतात.

उदगीरचे उदाहरण विशेष बोलके आहे. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. बीदर आज कर्नाटकात आहे. त्यानंतर ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहेत. उदगीर तालुक्यातील ज्या कुटुंबाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या रहिवासाचा पुरावा द्यावयाचा आहे, त्याच्या त्या काळच्या कागदांवर उस्मानाबाद हे नाव असणार. त्याच्या आजोबांच्या जन्माच्या कागदांवर बीदर. आणि स्वतःच्या दाखल्यावर लातूर. तीन पिढ्या, तीन जिल्हे, एकच वाडा. पडताळणी समितीसमोर हे तीन निरनिराळे पत्ते ‘विसंगती’ म्हणून उभे राहतात तेव्हा त्यात कुटुंबाचा काडीचाही दोष नसतो.

उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, याचेही जुने नाव निराळे होते. तो पूर्वी नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई. १८५३ च्या तहात वऱ्हाडाबरोबर हा भागही इंग्रजांच्या कारभाराखाली गेला होता आणि १८६० मध्ये तो निजामाला परत करण्यात आला. सुप्रसिद्ध अधिकारी व लेखक मेडोज टेलर यांनी त्या काळात नळदुर्गचा कारभार पाहिला. त्या अल्प काळातील कागद इंग्रजी अमलाच्या पद्धतीचे आणि त्याच्या मागचे-पुढचे निजामी पद्धतीचे, असा विचित्र प्रकार तेथे आढळतो. याशिवाय अनेक गावे जहागिरींत होती. १९४९ मध्ये जहागिरी संपुष्टात येईपर्यंत त्यांचा वसुली हिशेब जहागीरदाराच्या कचेरीत असे. अशा गावाचे १९३५ चे कागद तहसिलीत न मिळणे हा तहसिलीचा हलगर्जीपणा मानता येत नाही.

वर्षाचा घोळ यात भर घालतो. हैदराबाद राज्यात फसली सन चालत असे. त्यात ५९० मिळविले की इसवी सन साधारणपणे मिळतो. १३४७ फसली म्हणजे १९३७-३८. वर्ष ऑक्टोबरात सुरू होई आणि महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी इराणी असत. ‘१३४७’ हा आकडा पाहून एखादा अननुभवी लिपिक तो हिजरी सन समजला, तर हिशेब जवळजवळ नऊ वर्षांनी चुकतो, कारण हिजरी १३४७ म्हणजे १९२८-२९. प्रमाण दिनांकाच्या प्रकरणात नऊ वर्षांचे अंतर निर्णायक ठरू शकते. पेशवाईच्या मोडी कागदांवर शुहूर सन असतो आणि तो अरबी संख्यानामांनी लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. त्यात ५९९ वा ६०० मिळवून १७६०-६१. शालिवाहन शकात ७८ मिळवावे लागतात. हे तीन नियम प्रत्येक अभिलेख कक्षाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

मध्य प्रांताचा नागपूर विभाग

नागपूर, वर्धा, भंडारा व चांदा या भागात सीमाबदल तुलनेने कमी आहेत. वर्धा १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा झाला. सिरोंचा हे ठाणे असलेला अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा १८७४ मध्ये मोडून चांद्यात मिसळला. अलीकडच्या काळात १९८२ मध्ये गडचिरोली आणि १९९९ मध्ये गोंदिया हे जिल्हे निघाले. येथील खरी अडचण सीमेची नसून जमीनधारणेची आहे. वऱ्हाडात मुंबईप्रमाणे रयतवारी होती. म्हणून कास्तकाराचे नाव थेट सरकारी दप्तरात येई. नागपूरकडे मालगुजारी होती. गावाचा मालगुजार सरकारला सारा भरी आणि कास्तकार त्याचे कूळ असे. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाली. त्यापूर्वी मालकी हक्काच्या कागदात पूर्वजांचे नाव नाही एवढ्यावरून ते त्या गावी नव्हते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. बंदोबस्ताच्या मिसली, कुळांच्या याद्या आणि कोतवालाने ठेवलेले जन्ममृत्यूचे पुस्तक, म्हणजे कोतवाल बुक, यांकडे वळले पाहिजे.

गावाची वंशावळ

पूर्वजांची वंशावळ मांडण्याआधी गावाची वंशावळ मांडावी, ही या साऱ्यातून सुचणारी पद्धत आहे. एका कागदावर डावीकडे वर्षे लिहावीत आणि पुढे त्या त्या वर्षी ते गाव कोणत्या तालुक्यात, जिल्ह्यात व सरकारच्या अमलात होते ते लिहावे. उमरखेडच्या गावासाठी हा कागद चार-पाच ओळींचा होतो, उदगीरसाठीही तेवढाच. माहितीसाठी फार दूर जावे लागत नाही. शासनाच्या दर्शनिका विभागाने प्रसिद्ध केलेल्या जिल्हा गॅझेटियरांत सीमाबदलांचा इतिहास बहुधा पहिल्याच प्रकरणात असतो. १९५१ पासूनच्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत तालुकावार गावांच्या याद्या आहेत. त्यांवरून गाव कोणत्या दशकात कोणत्या तालुक्यात होते ते पडताळता येते. जनगणनेच्या मूळ घरनिहाय चिठ्ठ्यांत मात्र नावे मिळतील अशी आशा बाळगू नये.

त्यानंतर कागदांचा क्रम. सर्वांत हाताशी असते ती प्राथमिक शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही, जिला जुने शिक्षक ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात. तिच्यात जात, जन्मस्थळ आणि पूर्वीची शाळा यांचे रकाने असतात आणि पुष्कळ शाळांत ती एकोणिसाव्या शतकापासून आहे. ही वही शाळेच्या कपाटात वाळवीच्या तोंडी पडलेली असली, तर ती हानी एका कुटुंबाची नसते, साऱ्या गावाची असते. मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांत गाव नमुना नंबर १४ मध्ये जन्ममृत्यूची नोंद सापडते. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर फेरफाराच्या वह्या सुरू झाल्या आणि वारसाच्या फेरफारात बापामागून मुलाचे, भावाचे, विधवेचे नाव ओळीने येते. रक्ताचे नाते सिद्ध करण्यास याहून थेट पुरावा क्वचितच मिळतो. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक हा सर्वमान्य आधार आहे. १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही जेथे टिकली आहे, तेथे तीही पाहावी.

इंग्रजी अमदानीच्या मागे गेल्यावर जिल्हा हा शब्दच मावळतो. तेथे प्रांत, सरकार, परगणा, तर्फ, महाल ही नावे येतात आणि परगण्याच्या सीमा आजच्या तालुक्याशी जुळतीलच असे नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर, तसेच मुंबई, नागपूर, कोल्हापूर व छत्रपती संभाजीनगर येथील पुराभिलेखागारे यांत तो शोध चालतो. परंतु तेथे मोडी वाचता येणारा माणूस सोबत असल्यावाचून पाऊल टाकू नये. २०२३ पासून जुन्या कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर दप्तरे उघडली गेली तेव्हा मोडी व उर्दू जाणणाऱ्यांची उणीव सर्वांनाच जाणवली. जे कागद वर्षानुवर्षे ‘उपलब्ध नाहीत’ असे सांगितले जात होते, त्यांतील पुष्कळसे वाचणारा मिळताच उपलब्ध झाले.

‘उपलब्ध नाही’ या शब्दांविषयी थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे. महसुली कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. ‘अ’ वर्ग कायमचा. बाकीचे ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात आणि नाशाची नोंद ठेवली जाते. तेव्हा कागद नष्ट झाला असेल तर तसे नोंदीचा आधार देऊन लिहावे, दुसऱ्या कचेरीकडे वर्ग झाला असेल तर त्या कचेरीचे नाव लिहावे, आणि त्या वर्षी ते गाव या जिल्ह्यात नव्हते असे असेल तर कोणत्या जिल्ह्यात होते ते लिहावे. ही तीन निरनिराळी उत्तरे आहेत. तिन्हींसाठी एकच ठराविक वाक्य वापरणे म्हणजे शोध न घेता शोध संपविणे होय. आज जुने सातबारे व फेरफार संगणकावर पाहता येतात. पण तेथेही आजच्या जिल्ह्याचे व तालुक्याचे नाव निवडूनच आत शिरावे लागते. म्हणून गावाच्या वंशावळीचा कागद संगणकाजवळही हवाच.

ज्या ग्रामपंचायतींनी असा कागद तयार केला नसेल त्यांना तो करण्यास एका शिक्षकाचे दोन रविवार पुरेसे आहेत. गावातील सर्वांत जुना शाळेचा दाखला, जुने खरेदीखत, पाटलाच्या घरातील वतनाचा कागद यांवरील तालुका व जिल्ह्याची नावे वर्षासह उतरवून घ्यावीत, गॅझेटियरशी ताडून पाहावीत आणि त्याची एक प्रत तलाठ्याच्या दप्तरात, एक शाळेत व एक तहसिलीच्या अभिलेख कक्षात ठेवावी. पुढच्या वेळी यवतमाळला अर्ज आला की लिपिकाने तो पुसदकडे आणि अकोल्याकडे पाठवावा, आणि अर्जदारास तसे कळवावे.